आबांनी युनिव्हर्सिटी पाहिली

दर जूनमध्ये आमच्या अ‍ॅडमिशन सेलमध्ये ब्रोशरचे गठ्ठे येतात आणि ऑगस्टपर्यंत संपतात. किश्शांचं बरोबर उलटं. जूनमध्ये एकही नसतो आणि ऑगस्टमध्ये ठेवायला कपाट पुरत नाही! मी इथे चार वर्षं काउन्सेलर आहे. सोमाटण्याच्या पुढे 'डोंगराच्या कुशीत' म्हणून जिची जाहिरात करतात, ती प्रायव्हेट युनिव्हर्सिटी आमची. डोंगर खरा आहे. बाकीचं ब्रोशरमध्ये वाचा.

•

लोणावळ्याचे एक गृहस्थ आले. तीन बंगले, तिन्ही पर्यटकांना भाड्याने. मुलाला बीबीएला घालायचं होतं. हॉस्टेलची फी ऐकली आणि शांतपणे म्हणाले, "हा वीकेंडचा रेट झाला. सोमवार ते गुरुवार किती?"

माझा सहकारी सावंत म्हणाला, "सर, हॉस्टेल वर्षाचं असतं."

"असू दे ना! मुलगा शनिवार-रविवार घरी येणार. खोली रिकामी. तुम्ही ती दुसऱ्या कोणाला द्या आणि माझे कापा!"

सावंतने खरंच कॅल्क्युलेटर काढला. मी टेबलाखालून त्याच्या पायावर लाथ घातली.

•

पावसाळ्यात मावळातला सगळा चिखल पालकांच्या पायांनी आमच्या केबिनमध्ये येतो. गेल्या वर्षी डायरेक्टर सरांनी नवं कार्पेट टाकलं आणि दाराबाहेर पाटी लावली, 'कृपया चपला बाहेर काढाव्यात.'

एका आजींनी चपला काढल्या, आत आल्या, हात जोडले आणि सरांच्या टेबलावर अकरा रुपये ठेवले.

सरांनी ते ड्रॉवरमध्ये टाकले. पावती मात्र दिली नाही!

•

आता आबा. हे एमआयडीसीला लागून असलेल्या नवलाख उंबरे गावचे. नात सायली, बारावीला उत्तम मार्क, कॉम्प्युटर इंजिनीअरिंग करायचंय. तिला सरकारी कॉलेजात सीट मिळत होती, पण पार मराठवाड्यात. आमच्याकडे घरून येऊन-जाऊन शिकता आलं असतं, पण चार वर्षांच्या फीसाठी रस्त्याकडेचे दोन गुंठे विकावे लागणार होते. घरात उरलेली जमीन तेवढीच. सरकारी सीट महिनाअखेरच्या शनिवारपर्यंत पक्की करायची, नाहीतर सोडायची.

ओपन डेला सरांचं भाषण रंगात आलं होतं. पडद्यावर 'हायेस्ट पॅकेज' चमकत होतं. टाळ्या पडल्या. मागून आबांनी हात वर केला.

"साहेब, ह्ये सगळ्यात जास्तीचं झालं. सगळ्यात कमी कितीय?"

सर म्हणाले, "तो डेटा आम्ही मेंटेन करत नाही."

"आन् काईच न्हाई मिळालं, आसं कितीजण?"

सरांनी पुढची स्लाइड लावली. त्यात स्विमिंग पूल होता.

•

दोन दिवसांनी आबा केबिनमध्ये आले ते गावातल्या तीन म्हाताऱ्यांना घेऊन. चौघांनी बाहेर चपला काढल्या आणि सोफ्यावर ओळीने बसले. विचारणाही सगळी पाहुण्यांसारखी. पाणी कुठलं? घरातलं मोठं माणूस कोण? किती वर्षं झाली इथं येऊन?

"आबा, तुम्ही स्थळ बघायला आल्यासारखं विचारताय," मी हसून म्हटलं.

"मग दुसरं काय ह्ये? चार वर्सं पोरगी द्यायची, वरनं हुंडा बी आमीच द्यायचा!"

मी सावंतला कॅन्टीनमध्ये पिटाळलं आणि पोहे मागवले. चौघांनी मन लावून खाल्ले. आबा रंगात येऊन त्यांच्या बहिणीचं स्थळ सांगू लागले.

"घर मोटं, गोठा भरल्याला, सासू तर साखरंवानी ग्वाड. आमी हो म्हणायच्या बेतात. त्या घरात एक थोरली सून व्हती. सासूदेखत ती काय बोलनार? पर आमी निगालो तवा बघतो तर आमच्या समद्या चपला उलट्या फिरवून ठेवलेल्या. तोंडं रस्त्याकडं! माझ्या बापानं वळखलं. बहिनीला दुसरीकडं दिली, सुखात हाय. म्हनून सांगतो मॅडम, सासूला काय इचारायचं न्हाई. त्या घरात आदी दिल्याली सून काय म्हनती त्ये बघायचं."

ताटली खाली ठेवत म्हणाले, "पोहं झ्याक हायत. पर निस्त्या पोह्यावर पोरगी देत न्हाईत."

•

मग आबा न सांगता आले. दिवसभर कधी गेटवरच्या वॉचमनजवळ, कधी वर्गांबाहेरच्या बाकावर बसून होते. संध्याकाळी मला म्हणाले, "दोन वर्गांवर मास्तर फिरकलंच न्हाईत. पोरं कॅन्टीनला व्हती. पोरं मातुर गुणाची, मला चा पाजला."

निघताना त्यांनी आमच्या केबिनमधल्या 'प्राउड प्लेसमेंट्स'च्या भिंतीवरची नावं वहीत उतरवून घेतली. सगळ्यात खालच्या ओळीतल्या शेवटच्या फोटोपुढे मनीप्लांटची कुंडी आहे. ती मीच ठेवलीय. आबांनी वाकून तीही बाजूला केली. फोटो कुंडीच्या ओलीने पुसट झालेला, खालचं नाव तेवढं उतरवून घेतलं.

नवलाख उंबऱ्याच्या माणसाला एमआयडीसीतलं कुठलं गेट परकं? प्रत्येक कंपनीत कोणी भाचा, कोणी पुतण्या. आठवड्यात आबांची चौकशी पुरी झाली.

"तो पैल्या वळीतला, टाय घातल्याला, त्यो भेटला. पोरगं लय सोन्यासारकं. पर त्याच्या शेजारी मशीनवर आयटीआयवाला हाय, त्यो बी त्याच पगारावर. दोघं एकाच डब्यात जेवत्यात."

सावंत खो खो हसला. मी पण हसले. मग एकदम वाईट वाटलं, कारण तो टायवाला माझ्याच बॅचचा होता.

•

मुदतीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी आबा आले. बरोबर सायली, आबांच्या खिशात चेक. दोन गुंठ्यांचा इसार घेऊन आले होते. पावसात भिजलेल्या चपला दोघांनी दाराबाहेर काढल्या.

सर स्वतः माझ्या टेबलाशी येऊन बसले. माझं त्या वर्षीचं टार्गेट एका अ‍ॅडमिशनने अडलं होतं आणि माझं कॉन्ट्रॅक्ट टार्गेटवर अडलं होतं. फॉर्म भरून तयार होता. सरांनी पेनाचं टोपणसुद्धा काढून दिलं.

"समदी चौकशी झाली," आबा म्हणाले. "एकच पोरगी ऱ्हायली. ती कुंडीमागची. फोटोखाली 'एज्युकेशन सेक्टर' लिवलंय. कुनालाच तिचा पत्ता न्हाई."

मी फॉर्ममध्ये डोकं घातलं. पण सर केवढे खूश झाले!

"अहो आबा, शोधताय कुठे? ह्या काय समोर बसल्यात! आमचीच विद्यार्थिनी. इथेच शिकली, इथेच प्लेस झाली!"

सायलीने भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आबांनी वही मिटली.

"म्हंजे तुमी ह्या घरच्या थोरल्या सूनबाई."

मी फॉर्मची पानं सरळ केली.

"मग सांगा की बाई. कसं हाय घर?"

सर माझ्याकडे बघत होते. मी कार्पेटकडे बघत होते.

"चांगलंय आबा," मी म्हटलं. "वायफाय आहे. मी जरा पाणी आणते."

बाहेर गेले. दाराशी जरा वाकले. मग कूलरवरून दोन ग्लास भरून आत आले.

आबा पाणी प्यायले. "कागद घरच्यांना दाखवून येतो," म्हणत उठले. सर दारापर्यंत पोचवायला गेले. आबांनी खाली चपलांकडे पाहिलं. दोन्ही जोड गेटकडे तोंड करून नीट मांडलेले होते.

त्यांनी सावकाश पाय घातले, सायलीचा हात धरला आणि सरांकडे वळून म्हणाले,

"साहेब, पोहं मातुर लय झ्याक व्हतं हां!"