दाराच्या कडीचं पांढरं फडकं

शिरोड्याजवळच्या एका खाडीकाठच्या वाडीत कार्मेलिना शिवणकाम करायची. नवरा बोटीवर असताना वारला, मुलगी लग्न होऊन गोव्यात गेली. भिंतीला भिंत लागून हौसाबाईचं घर. कंबर मोडल्यापासून म्हातारी खाटेवरच होती. तहान लागली की ती भिंतीवर वाटी आपटायची आणि कार्मेलिना हातातलं काम टाकून धावायची.

मोठं वादळ झालं त्या मे महिन्यात खाडी भरदुपारी वाडीत शिरली. माणसं मिळेल त्या गाडीने, मिळेल त्या वाटेने टेकाडावरच्या शाळेत पोचली. जरा दम खाल्ल्यावर कार्मेलिनाने विचारलं, "हौसाबाई खंय आसा?"

"तुमीच आणलास मा तिका?" शेजारची नम्रता म्हणाली.

"माका वाटला, ती टेम्पोतून तुमच्या वांगडा इली."

टेम्पोवाल्याला वाटलं होतं, कार्मेलिनाने नेली असेल. ज्याला विचारावं त्याला वाटलं होतं, दुसऱ्या कुणीतरी नेली असेल. परत जायला वाटच उरली नव्हती. पाणी उतरलं तेव्हा खाट उलटलेली होती आणि तिच्याखाली हौसाबाई. ओल्या भिंतीवर वाटीच्या कडेचे वण उमटले होते, एकावर एक.

तेव्हापासून मशीन चालवता चालवता तिचा पाय मध्येच थांबायचा. भिंतीपलीकडून ठक्, ठक्. ती उठून बघून यायची. रिकामी खोली, कोळिष्टकं. तिने फादरना सांगितलं, वाडीतल्या देवळात नारळही ठेवला. आवाज काही थांबला नाही.

मग एके दिवशी तिने जुन्या चादरी फाडायला घेतल्या. घरोघरी एकेक पांढरं फडकं दिलं. घरातलं शेवटचं माणूस बाहेर पडलं की ते दाराच्या कडीला बांधायचं. आत कोणी नाही, ही खूण. सोबत मेणकापडाची एक पिशवी शिवून दिली. तिच्यात औषधं, बॅटरी आणि रेशनकार्ड पावसाळ्याआधीच भरून ठेवायचं. बाई खुळावली, असं काहीजण मागून म्हणाले. पण फडकं कुणी परत केलं नाही. हौसाबाई सगळ्यांनाच सलत होती.

गेल्या वर्षी पुन्हा वादळाचा इशारा आला. या खेपेला पाणी चढायच्या आत वाडी हलली. निघताना कार्मेलिना हौसाबाईच्या घरात शिरली. वाकून खाटेखाली बघितलं, बाहेर येऊन दार ओढलं आणि कडीला फडकं बांधू लागली.

"अगो मावशे, थंय कोण रवता?" नम्रता ओरडली.

"कोण नाय. म्हणानच बांधतंय."

वाडीच्या टोकाला माडावर चढणाऱ्या बाबलीचं घर. लेक कुडाळला दिल्यापासून तो एकटाच राहायचा. त्याच्या दाराची कडी मोकळीच होती.

"तो कुडाळाक चेडवाकडे गेलो आसतलो," नम्रता म्हणाली.

"आसतलो?" कार्मेलिनाचा चेहरा उतरला. "तसाच म्हणत आमी तिका घालवली. चल, बघूया."

पाणी एव्हाना घोट्यापर्यंत आलं होतं. पुढचं दार आतून बंद होतं, म्हणून दोघी परसदारी गेल्या. मागच्या पडवीत बाबली आडवा पडलेला. जळणाची फाटी उचलताना घसरला होता, पाय हलत नव्हता, आणि ओरडून ओरडून घसा बसला होता. नम्रताने पुढे गेलेल्या दोघा गड्यांना हाका मारल्या. चौघांनी त्याला एका फळीवर घालून शाळेत नेलं.

बाबली तिचा हात सोडेना. "बाय, माका वाटला, आता कोण येवचा नाय."

कार्मेलिना त्याच्या उशाशी बसून राहिली. एक जीव वाचला, आता तरी तो आवाज गप्प होईल, असं तिला वाटत होतं. वाऱ्याने शाळेची कौलं वाजत होती. त्या वाजण्याच्या आतून, अगदी जवळून, तिला तो ऐकू येतच होता.

संध्याकाळी फोन आला. हौसाबाईची लेक आनंदी, फोंडाघाटाला दिलेली.

"मावशे, सगळी सुखरूप आसत मा?"

कार्मेलिनाने खोलीभर नजर फिरवली. घराघरातली माणसं चटयांवर बसली होती, पोरं खात होती. सगळी होती, एक हौसाबाई सोडून.

"पाणी ओसारता," ती म्हणाली.

आनंदीने फोन ठेवला नाही. कार्मेलिनाने तो कानाशी धरूनच बाबलीच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.