न तपासलेले चाळीस चाकू

चाकू हातात आला की बहुतेक लोक आधी धार बघतात. भानुदासमामा मूठ बघायचे. तिच्यावर अंगठा रोवून ती दोन्हीकडे पिळायची, लाकडी ठोकळ्यावर आपटून कानाशी धरायची, आणि मग सुंभाचा जाड दोर एका ओढीत कापायचा. एवढं झालं की रजिस्टरात त्या चाकूच्या नंबरापुढे ते ‘भा’ लिहीत. भिंगारजवळच्या एका लष्करी भांडारात ते मिस्त्री होते आणि मी कारकून. दोघांनाही वर्दी नव्हती.

मामा मूळचे सोनईचे, लोहाराच्या घरातले. जवान चाकू न्यायला आला की ते त्याच्याकडूनही दोर कापून घेत. मला तो वेळेचा अपव्यय वाटे. तुम्ही तपासलाय, मग पुन्हा त्याच्याकडून कशाला, असं मी एकदा विचारलं. ते कापलेल्या दोराची टोकं गोळा करत होते.

“भाऊसाहेब, मला ठाव हाय चाकू चांगला हाय. पन पान्यात दोर पायाला गुंडाळला तर तितं मी नसनार. तवा त्याच्या हाताला ठाव पायजे. इचार करत बसला की संपलं.”

मी हसून सोडून दिलं.

एका शनिवारी शंभर चाकूंचा लॉट जायचा होता. साठ झाले होते. सोमवारी गाडी येणार म्हणून उरलेले चाळीस रविवारी येऊन करतो, असं मामा म्हणाले आणि बायकोला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला दुपारीच गेले. ते गेल्यावर तासाभरात पलटणीची गाडी आली. सरावाची तारीख अलीकडे आली होती. सोबतचे सुभेदार घाई करत होते, आणि मलाही काम अडवून ठेवणारा कारकून म्हणून नाव नको होतं. मी चार-पाच चाकू उचलून पाहिले, चकचकीत होते. पेटीत भरले. रजिस्टरात चाळीस वेळा ‘भा’ लिहिलं. रविवारी मामा आले तेव्हा चाकू निघून गेलेले होते; सोमवारी त्यांनी विचारलं तेव्हा दुसऱ्या मिस्त्रीनं पाहिले, असं सांगून टाकलं.

महिन्याभरात बातमी आली. नदी ओलांडायच्या सरावात संपत नावाचा जवान दोरात अडकून पाण्याखाली ओढला गेला. त्यानं चाकू काढला, जोर लावला, आणि मूठ सुटून पातं त्याच्याच तळहातात घुसलं. जोडीदारानं दोर कापून त्याला वर काढलं म्हणून वाचला. पण उजव्या हाताची तीन बोटं पुन्हा कधी नीट मिटली नाहीत.

चौकशीत साहेबांनी रजिस्टर उघडून मामांसमोर ठेवलं. मामांनी बराच वेळ अक्षर पाहिलं. मग ते म्हणाले की हे चाकू माझ्या हाताखालून गेलेले नाहीत. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

“खूण त्यांचीच आहे, साहेब,” मी म्हणालो.

मामांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मी एखादी अवघड गोष्ट सांगितली असावी आणि ती समजून घ्यायची असावी, तसं. मग त्यांनी रजिस्टर मिटून साहेबांकडे सरकवलं. त्यांना तंबूंच्या विभागात पाठवलं. जवान आता भांडारातला चाकू नावापुरता कमरेला लावत आणि बाजारातून घेतलेला दुसरा पिशवीत ठेवत. मामांच्या ते लक्षात आलं होतं. “चाकू कमरंला हाय, पन मनात न्हाई,” एवढंच एकदा तंबूची दोरी वळताना म्हणाले.

ते निवृत्त होऊन सोनईला गेले. माझ्या निवृत्तीनंतर, म्हणजे मला गमावण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा, मी त्यांच्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते ओट्यावर बसले होते.

“मला तवाच कळलं हुतं. तुमचा ‘भा’ लई सुबक हुता,” ते म्हणाले. मग कळलं की ते संपतला दवाखान्यात भेटून आले होते. मी केलेल्या चुकीची माफी त्यांनी मागितली होती. चाकू तपासलाच नव्हता हे तुम्ही त्याला का सांगितलं नाही, असं मी विचारलं.

“माझ्या तोंडून त्यो बहाना वाटला आसता. तुमी सांगा. न तपासलेला चाकू मोडला हे त्याला कळू द्या. म्हंजी तपासलेल्यावरचा इस्वास तरी ऱ्हाईल.”

मी हो म्हणालो. संपत निवृत्त होऊन कोल्हारला राहत होता, माझ्यापासून दोन तासांच्या वाटेवर. तरी मी वर्षभर गेलो नाही. कधी गुडघा दुखत होता, कधी घरी पाहुणे होते. मग सोनईहून मामांच्या मुलाचा फोन आला, वडील गेले म्हणून. तेराव्यानंतर मी कोल्हारला गेलो.

संपतनं चहा डाव्या हातानं पुढे केला. माझं बोलणं त्यानं मध्ये न तोडता ऐकलं. हात जायबंदी झाल्यावर त्याला नव्या भरतीच्या पोरांना शिकवायला ठेवलं होतं, असं त्यानं सांगितलं.

“नऊ वर्षं मी प्रत्येक तुकडीला सांगितलं, भांडारातल्या चाकूवर भरवसा ठेवू नका. त्या मिस्त्रीचं नाव घेऊन सांगितलं.”

तो उठला, आत गेला आणि टोपी घालून बाहेर आला.

“चला, सोनईला जाऊ. त्यांच्या पाया पडायचंय मला.”

मामा गेल्याचं मी अजून त्याला सांगितलेलं नव्हतं.