दाशरथीचं पान

राजेश्वर गावात हरिबाला सगळे 'नेव्ही अप्पा' म्हणतात. पंधरा ऑगस्टला शाळेचा झेंडा तोच चढवतो. झेंडा चढला की एकाहत्तरच्या लढाईत आपली बोट कशी बुडाली ते सांगतो, 'दाशरथी' या नावापाशी आला की उपरण्याने डोळे पुसतो आणि मग पोरांना खाऊ मिळतो. तीस-पस्तीस वर्षं हा कार्यक्रम बिनबोभाट चाललाय.

खरं सांगायचं तर एकाहत्तरच्या डिसेंबरात हरिबा बसवकल्याणात मॅट्रिकच्या गणिताशी झुंजत होता, आणि ती लढाई हरला. नेव्हीत तो गेला चौऱ्याहत्तर साली, आचारी म्हणून. पंधरा वर्षं त्याने मुंबईत, जमिनीवरच्या भटारखान्यात पोळ्या लाटल्या. बोटीवर दोनदा पाठवला, दोन्ही वेळा भडाभडा ओकला. पण पेन्शन खरी होती, टोपी खरी होती, आणि समुद्र राजेश्वरापासून इतका लांब की चहाडी करायला तिथून येणार कोण?

दाशरथी म्हणजे त्याचा जिवाभावाचा दोस्त. हरिबाला तराफ्यावर ढकलून तो स्वतः बुडाला. हे नाव हरिबाने लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत, नव्या बायकोवर, गीताबाईवर, छाप पाडायला, भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या रामनवमीच्या पानावरून उचललं होतं. पुढे कुणी पत्ता विचारून पंचाईत करू नये म्हणून लगेच जोडून दिलं, "ओडिशाचा व्हता. आईबाप न्हाई, बायकापोरं न्हाई."

इथेच तो फसला. गीताबाईने त्याच वर्षी सर्वपित्री अमावास्येला एक पान जास्त वाढलं. "त्येचं कुणी न्हाई म्हनायलाव. मग आपुन न्हाई वाढायचं तर कुणी?"

तेव्हापासून दरसाल सासऱ्यांच्या पानाशेजारी दाशरथीचं पान. ओडिशाकडची माणसं भात खातात असं कुठून तरी कळल्यावर त्याला भात अंमळ जास्त. सासऱ्यांच्या पानाला कावळा तासभर ताटकळत ठेवायचा, दाशरथीच्या पानाला मात्र आल्या आल्या चोच. "भावजी लई गुणाचे," गीताबाई म्हणायची. हरिबा मान खाली घालून जेवायचा.

घात केला सुनेने. पल्लवी बसवकल्याणात शिक्षिका, हौशी आणि भली. तिने दिवाळीच्या सुट्टीत दीवच्या बेटाची तिकिटं काढली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "मामा, एकाहत्तरात बुडलेल्या बोटीचं स्मारक हाय तिथं. तुमच्या दोस्ताचं नाव कोरलेलं असंल."

हरिबाने बशीतला चहा परत कपात ओतला. गीताबाई उठली ती थेट शेंगदाणे भाजायला. शेंगाच्या पोळ्यांचा डबा भरूनच ती गाडीत बसली.

बेटावर पोचल्यावर हरिबाला समुद्राचं भलतंच प्रेम आलं. ज्या पाण्याने त्याला पोटातलं सगळं बाहेर काढायला लावलं होतं, त्यात तो दोन दिवस गुडघाभर उभा राहिला. "आजून एक दिस ऱ्हाऊ की हितंच," म्हणायचा. उंटावर बसला, नारळपाणी प्याला, गुडघा दुखतोय असंही सांगून पाहिलं. गीताबाई वाळूत डबा मांडीवर घेऊन बसून होती. तिसऱ्या दिवशी मात्र तिने स्वतःच रिक्षा अडवली. "भैया, वो डूबेसो लोगां का पत्थर किदर है?"

स्मारक टेकाडावर होतं. काचेच्या पेटीत छोटी बोट, खाली खडकावर आपटणाऱ्या लाटा. लोक स्मारकाकडे पाठ करून फोटो काढत होते. गीताबाईने चपला काढल्या. दगड तापला होता, तरी काढल्या.

"वाच गं."

पल्लवी दगडावरच्या नावांवरून बोट फिरवत गेली. शेवटपर्यंत वाचून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. दाशरथी कुठे नव्हता.

"असंच असतंय," गीताबाई भडकली. "ज्येच्या मागं कुणी न्हाई, त्येचं नावबी कुणी लिवत न्हाई. तुमी सांगा की ओ! तुमच्या डोळ्यासमोर बुडला न्हवं?"

"आपण अर्ज करू, आत्या," पल्लवीने फोन काढला. "मामा, त्यांचं पूर्ण नाव सांगा. तुमी साक्षीदार हायेत म्हणून लिहिते."

हरिबाने दगडाकडे पाहिलं. झेंड्याखाली पोरांना थाप मारणं वेगळं होतं. या दगडात आपली थाप कोरून घ्यायची, हे त्याच्याने होईना. त्याला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"दाशरथी न्हवता," तो म्हणाला. "मीबी न्हवतो."

पल्लवीचं टाइप करणं थांबलं. गीताबाई हळूहळू खाली बसली.

"मग चाळीस वर्सं जेवलं कोण?"

दगडावरच्या नावांकडे पाहत तिने पल्लवीला विचारलं, "किती नावं हायती?"

"दोनशेच्या आसपास, आत्या."

गीताबाईने पदराने तोंड पुसलं आणि डबा उघडला. कागद पसरून पोळीचा तुकडा मोडला. "वाचा."

"मी?"

"तुमीच. झेंड्याला बोलताव तसं, मोठ्यानं."

हरिबा वाचू लागला. पहिली आठ-दहा नावं पंधरा ऑगस्टच्या आवाजात गेली. पुढे तो आवाज टिकेना. एकेका नावाला गीताबाई एकेक तुकडा ठेवत होती. पहारेकरी धावत आला, "माताजी, खाना मना है." ती म्हणाली, "गप ऱ्हा बाबा, आजून शंभर हायती." तो गप राहिला. शेवटच्या ओळींना तुकडे चिमटीएवढे झाले, आणि हरिबाला उपरण्याने डोळे पुसायचं सुचलंही नाही.

वाचून संपलं. डब्यात एक अख्खी पोळी उरली होती. सकाळपासून उपाशी असलेल्या हरिबाने हात पुढे केला, तसा गीताबाईने डबा मागे ओढला.

"ती दाशरथी भावजींची."

"अगं, पर त्यो..."

"आजवर त्येला तुमी तरी व्हताव," ती म्हणाली. "आता माझ्याबिगर त्येचं कुणीच न्हाई."