डाव्या हाताची सही

"हा हार्ट अटॅक आहे, आणि तो अजून चालू आहे," ईसीजीची पट्टी माझ्यासमोर धरत डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

मी म्हणालो, "पित्त आसंल. गोळी द्या, दुपारपाळी गाठायची हाय."

"घासाघीस बाजारात करा. इथं आडवे व्हा."

मी जन्मभर घासाघीसच केली. वडील मंगळवेढ्याकडचे, मेंढरं राखणारे. बोकडाचा सौदा कसा ताणायचा हे त्यांच्याकडून शिकलो आणि सोलापुरात आलो. टॉवेलच्या कारखान्यात कांड्या, म्हणजे धोट्यातल्या सुताच्या नळ्या, भरण्यापासून सुरुवात केली, कुणाची ओळख न लावता चार माग एकट्यानं चालवणारा कामगार झालो. मालकाशी बोलायचं झालं की सगळे मलाच पुढे करायचे. अटॅक आला त्याच आठवड्यात आम्ही युनियन नोंदवून मागणीपत्र दिलं होतं. त्यावर पहिली सही माझी.

मागणीपत्र दिल्यापासून डावा खांदा दुखत होता. मागावर उभं राहून दुखतोय, असं मीच ठरवून टाकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी जबड्यापर्यंत कळ गेली आणि घामानं बनियन भिजलं, तेव्हा बायकोनं रिक्षा बोलावली. तुम्ही तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

रक्त घेतलं. ट्रोपोनिन वाढलं होतं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हा पदार्थ रक्तात वाढतो. मग अँजिओग्राफी, म्हणजे धमनीतून बारीक नळी घालून हृदयाच्या नसांचं चित्र काढणं. एक नस पूर्ण बंद होती. तिथं स्टेंट बसवला, म्हणजे नस उघडी ठेवणारी जाळीची नळी. हे सगळं उजव्या मनगटातून झालं. नंतर मनगटावर घट्ट पट्टा आवळला आणि सिस्टरनी बजावलं, "हा हात आज हलवायचा नाही."

संध्याकाळी अंबादास आला. हा आमचा जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. भवानी पेठेत एका भिंतीपलीकडे आमची घरं. वीस वर्षं एकाच डब्यात जेवलो. त्याला बघून मला बरं वाटलं, हे आज लिहितानाही राग येतो.

त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. "सुट्टीचा अर्ज हाय. खाडे लागायला नकोत."

बायको म्हणाली, "वाचून तरी बगा की."

मी तिच्यावरच खेकसलो, "अंबूचा कागद वाचायचा आसतोय व्हय?"

"उजवा हात तर बांधलाय," मी त्याला म्हणालो.

"आरं मारुती, डाव्यानं कर की. मालक काय तुजं अक्षर बगून बक्षीस देणाराय?"

आम्ही दोघं हसलो. मी डाव्या हातानं सही केली. कारखान्यातल्या प्रत्येकाला मीच दम द्यायचो, की मी वाचल्याशिवाय कशावर सही करायची नाही.

पाचव्या दिवशी घरी सोडलं. दहाव्या दिवशी डॉक्टरांचं सर्टिफिकेट घेऊन हळूहळू चालत कारखान्याच्या फाटकावर गेलो. वॉचमन नजर चुकवत म्हणाला, "आन्ना, तुमी राजीनामा दिलाय की. आत सोडू नका म्हणलेत."

मी तिथंच पायरीवर बसलो. छातीत धडधडत होतं. ते आजारानं की रागानं, हे कळायला मार्ग नव्हता.

युनियनच्या वकीलबाईंनी समजावलं, ते तुम्हीही ध्यानात ठेवा. कामगार विम्याचा आजारपणाचा भत्ता चालू असताना मालकाला कामगाराला काढता येत नाही. युनियनचं काम केलं म्हणून काढणं ही कायद्यानं अनुचित कामगार प्रथा आहे. तक्रारीला मुदत असते, म्हणून बरं वाटायची वाट बघत बसू नये. केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, प्रत्येक सर्टिफिकेट जपून ठेवावं. मालकालाही हे ठाऊक होतं. म्हणूनच राजीनाम्यावर अटॅकच्या आधीची तारीख टाकली होती, मागणीपत्राच्या दुसऱ्या दिवसाची.

पुढचे महिने मी दोन बाकांवर काढले, एक ओपीडीतला आणि एक कामगार न्यायालयातला. ओपीडीत नंबर तरी पुढं सरकतो. मॅडम टू-डी एको करायच्या, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि दर वेळी विचारायच्या, "चिडचिड कमी झाली का?" मी हो म्हणायचो. त्या रक्तदाब मोजायच्या आणि माझ्याकडे बघायच्या.

कोर्टात अंबादास मालकाचा साक्षीदार म्हणून उभा राहिला. "मारुतीनं घरी, राजीखुशीनं, माझ्यासमोर सही केली," असं तो खाली बघत म्हणाला.

न्यायाधीशांनी मला विचारलं, "ही सही तुमची?"

"माझीच हाय, साहेब. पण त्या तारखेला माझा उजवा हात धड होता. मग मी डाव्यानं कशाला करीन?"

वकीलबाईंनी मागणीपत्र पुढं ठेवलं. एका दिवसाच्या अंतरानं केल्याचं सांगितलेल्या दोन सह्या, एक सरळ, दुसरी कोंबडीनं उकरल्यासारखी. शेजारी हॉस्पिटलची फाइल. त्यात सिस्टरनी वेळ घालून लिहिलं होतं, उजव्या मनगटाला पट्टा, हालचाल बंद, मित्र भेटून गेले. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. बायकोची माफी मागायला मात्र मला बरेच दिवस लागले.

अंतिम निकाल लागायचा आहे. तोपर्यंत मला कामावर ठेवावं, असा हुकूम मिळाला.

कामावर परतण्याआधी अंबादास चहाच्या गाड्यावर भेटला. "मालक म्हणला, सही आण, न्हायतर तूबी घरी बस. दोन पोरी हायत्या मला. काय करणार?"

"मला सांगायचंस की. तुज्यासाठी भांडलो आसतो."

चहा निवला, तो मी तसाच ठेवून निघालो.

आता रोज गोळ्या घेतो, अर्धा तास चालतो, मीठ कमी खातो. युनियनमध्ये चाळीसजण आहेत. मॅडम म्हणतात, माफ करून टाका, हृदयाला बरं असतं. प्रयत्न करतो. पण माझा माग बंद पडला की दुरुस्तीला तोच यावा लागतो. पूर्वी मी "अंबू" म्हणून ओरडायचो. आता हात वर करतो आणि म्हणतो, "जॉबर."

तो येतो, माग चालू करून देतो, आणि जातो.