शुक्रवारी मांस नसतं : लुइझियानातली फ्रेंच गावं, न्यू ऑर्लिन्स आणि रेवती

माझ्या व्हिसाचं एक्स्टेन्शन चालू आहे, त्यामुळे सध्या मला अमेरिकेबाहेर पाऊल टाकता येत नाही. रेवतीला मात्र लहानपणापासून फ्रान्स बघायचंय. मग मी ठरवलं, गाडीने पोचता येईल तेवढं फ्रान्स तरी तिला दाखवू. ते लुइझियानात आहे, मी राहते त्या डॅलसजवळच्या प्लेनोपासून एका दिवसाच्या ड्राइव्हवर.

रेवती ही पुण्याच्या हॉस्टेलमधली माझी रूममेट, मूळची नागपूरची आणि आता परत तिथेच नोकरीला. तिच्या कंपनीने तिला डॅलसची पोस्टिंग देऊ केली होती आणि सोमवारी तिला हो की नाही ते कळवायचं होतं. आधी बघून तर घेते, म्हणून ती रजा टाकून माझ्याकडे आली होती. ती इथे यावी असं मला फार वाटत होतं. इतकं, की ते तिला अजिबात सांगायचं नाही असं मी ठरवलं. माझ्या एकटेपणाचं वजन तिच्या निर्णयावर पडायला नको होतं. आपण फक्त सुंदर जागा दाखवायच्या.

गुरुवारी उजाडता उजाडता निघालो. टायरमधली हवा मी आदल्या दिवशीच तपासली होती, सकाळी परत तपासली.

"किती टेन्शन घेऊन राहिली बे तू," रेवती म्हणाली. "टायर आहे ते, परीक्षा नाही."

प्लेनोहून श्रीव्हपोर्टपर्यंत ट्रकांची सोबत असते. तिथून दक्षिणेला वळलं की रस्ता एकदम मोकळा होतो आणि दोन्ही बाजूंना पाइनची झाडं सुरू होतात. पेट्रोल श्रीव्हपोर्टलाच भरून घ्या. आणि शाकाहारी असाल तर डबा न्याच. रेवती अंडंही खात नाही, म्हणून मी धपाटे आणि दही कूलरमध्ये भरलं होतं. रेस्ट एरियातल्या बाकावर बसून आम्ही ते खाल्लं.

दुपार कलता कलता ग्राँ कोतोला पोचलो. गाव एवढंसं. पण तिथले ओक पाहिलेत का? फांद्या जमिनीपर्यंत उतरून पुन्हा वर गेलेल्या, आणि प्रत्येक फांदीवरून राखाडी शेवाळाच्या जटा लोंबणाऱ्या. वारा आला की सगळं झाड पाण्याखाली असल्यासारखं सावकाश हलतं. आम्ही दोघी आपोआप हळू बोलायला लागलो. एका जुन्या लाकडी घरात खोली घेतली होती. भाडं दीडशे डॉलरच्या आसपास, सकाळच्या नाश्त्यासकट. व्हरांड्यातल्या झोक्यावर बसून रेवतीने विचारलं, "इथे राहणं कसं आहे गं, खरं सांग."

"छान आहे," मी म्हणाले. मोघम, पाहुण्यांना देतात तसं उत्तर.

शुक्रवारी सकाळी बायू टेशच्या काठाने निघालो. बायू म्हणजे इतकी संथ नदी, की ती कुठल्या दिशेला वाहतेय हे बराच वेळ कळत नाही. पाण्यावर धुकं होतं. घरांसमोरच्या टपालपेट्यांवर फ्रेंच आडनावं, अंगणांत गुलाबी फुलांनी भरलेली अझेलियाची झुडपं. आर्नोव्हिल, मग ब्रो ब्रिज. मध्ये कुठे थांबलो तर पाणी, झाडं आणि त्यांची पाण्यातली झाडं, एवढंच. रेवतीने फोटो काढणं सोडून दिलं होतं.

ब्रो ब्रिजला एका छोट्या खाणावळीत शिरलो. कोपऱ्यातल्या टेबलाशी चार म्हातारे फ्रेंचमध्ये भांडत होते, बहुधा पत्त्यांवरून. वाढणाऱ्या बाईंना सगळे मिस ओडेट म्हणत होते. त्या भागात वडीलधाऱ्या बाईच्या नावाआधी मिस लावतात, आपण मावशी म्हणतो तसं. फळ्यावर लिहिलेल्या आजच्या ताटाकडे बोट दाखवून मी त्यांना विचारलं, यात मीट आहे का? रश्श्यात आहे का? भातात आहे का?

"नो मीट, शा," त्या म्हणाल्या. 'शा' म्हणजे बाळा. "इट्स फ्रायडे. इट्स लेंट."

ईस्टरच्या आधीचा हा उपासाचा काळ. त्यात शुक्रवारी गावात कोणी मांस शिजवत नाही. मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू. अख्ख्या गावाने जणू रेवतीसाठी स्वयंपाक केला होता.

ताटं आली. भातावर केशरी रंगाचा दाट रस्सा. रेवतीने चमचा तोंडाजवळ नेला आणि तिथेच थांबवला.

"नीलू, हे वळलेलं काय आहे?"

ते क्रॉफिश होतं. झिंग्याचा गोड्या पाण्यातला भाऊ. मी धावत मिस ओडेटकडे गेले. त्यांना काही केल्या कळेना.

"बट दॅट्स नॉट मीट, शा. दॅट्स क्रॉफिश."

माझे डोळे भरून आले. मी माफी मागायला वळले, तर रेवती टेबलावर डोकं टेकून हसत होती.

"अगं, आपली भगर," ती म्हणाली. "उपासाला भात नाही चालत, भगर चालते. यांना कोंबडी नाही चालत, झिंगा चालतो. एकादशी अन् दुप्पट खाशी. माझी आजी आली असती तर या बाईची मैत्रीणच झाली असती."

मग तिने मिस ओडेटना भगरीचं सगळं शास्त्र इंग्रजीत समजावलं. भांडणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी एकाने ऐकून म्हटलं, "सो यू गाइज चीट टू." मिस ओडेटनी ताट उचललं आणि मक्याची भाजी, रताळं, भात आणून ठेवलं. पैसे साध्या ताटाचेच घेतले, बारा-तेरा डॉलर.

जेवून बायूच्या काठावर बसलो. रेवती आता हसत नव्हती.

"तू तीनदा विचारलंस. तरी चुकलं, आणि तुझा चेहरा असा झाला जसं काही तू विष वाढलंस. इथे रोज अशीच जगतेस का तू?"

चौथीपर्यंत मला आई आणि आजोबांनी घरीच शिकवलं. गाळलेल्या जागा अंदाजाने भरायची आमच्याकडे परवानगी नव्हती. येत नसेल तर जागा रिकामी ठेवायची, येत असेल तर खरं तेच लिहायचं. कालपासून मी 'छान' लिहून मोकळी होत होते.

"हो," मी म्हणाले. "रोजच. प्रत्येक मेल पाठवायच्या आधी चारदा वाचते. नोकरी गेली तर किती दिवसांत देश सोडावा लागेल, हे डोक्यात सतत असतं. ताप आला होता तेव्हा स्वतःच ड्राइव्ह करून डॉक्टरकडे गेले. कोणाला सांगायचं, सगळेच बिझी. रविवारी घरी फोन करून झाला की फ्रिजचा आवाज ऐकू येतो." मग म्हणाले, "आणि हे पाणी बघ. आपण आपल्या गाडीने इथवर आलो. हेही मला फार आवडतं. दोन्ही खरं आहे."

समोर एक बगळा बराच वेळ एका पायावर उभा होता.

शनिवारी न्यू ऑर्लिन्स. वाटेत अचाफलाया खोऱ्यावरचा लांबच लांब पूल लागतो. खाली नुसतं पाणी आणि त्यात उभी सायप्रसची झाडं. तिथे गाडी मीच चालवत होते, म्हणून ते मला फक्त डोळ्यांच्या कडांनी दिसलं. तुम्ही जाल तेव्हा शेजारच्या सीटवर बसा.

शहरात गाडी हॉटेलवर सोडा, पार्किंग महाग आहे. सवा डॉलरच्या तिकिटात जुनी ट्राम सेंट चार्ल्स रस्त्याने ओकांच्या बोगद्यातून नेते. फ्रेंच क्वार्टरमध्ये चिकरीची कॉफी प्यालो, पिठीसाखरेने माखलेले बेन्ये, म्हणजे तळलेले गोड पाव, मागवले. ते कशात तळलेत, अंडं आहे का, हे मी विचारायला उठले, तर रेवतीने माझी ओढणी धरून बसवलं आणि स्वतः जाऊन विचारून आली. "तेल आहे. अंडं नाही. खा आता."

संध्याकाळी मिसिसिपीच्या बांधावर बसलो. एक जहाज रस्त्यापेक्षा उंचावरून सरकत गेल्यासारखं गेलं. कुठेतरी कोणी ट्रम्पेटवर एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवून बघत होतं.

"मी पोस्टिंगला नाही म्हणणार आहे," रेवती म्हणाली.

मी मान हलवली.

"तुझ्यामुळे नाही. म्हणजे तुझ्यामुळेच. काल तू परत छान म्हणाली असतीस ना, तर मी आले असते. आणि मग सहा महिन्यांत तुझ्याशी भांडले असते, का नाही सांगितलंस म्हणून. तुला जमतं हे, नीलू. मला नाही जमणार. मला आईच्या हाकेच्या अंतरावर राहायचंय."

"मला तू यायला हवी होतीस," मी म्हणाले. तेवढं एकच सांगायचं राहिलं होतं.

"माहीत आहे बे मला."

रविवारी परतीचा ड्राइव्ह लांबलचक झाला. शक्य असेल तर एक मुक्काम मध्ये करा. सोमवारी तिने किचनमध्ये उभं राहून मेल पाठवली, पाठवण्याआधी मला वाचायला दिली. एक स्वल्पविराम सोडला तर त्यात बदलण्यासारखं काही नव्हतं. दोन दिवसांनी तिला एअरपोर्टवर सोडून आले.

लोक विचारतात, लुइझियाना वर्थ आहे का? आहे. मार्चमध्ये जा, धुकं आणि अझेलिया दोन्ही मिळतात. शाकाहारी असाल तर मीट आहे का असं विचारू नका. काय काय घातलंय, ते एकेक करून विचारा.

ती यायच्या आधी मी दुसऱ्या खोलीतलं कपाट रिकामं केलं होतं. पाहुणीच्या बॅगेला लागेल त्यापेक्षा बरंच जास्त. सगळे हँगर एका दिशेला वळवून ठेवले होते. परवा मी माझे थंडीचे कोट तिथे परत लावले. मग तिला फोन केला. नागपुरात सकाळ होती, ती ऑफिसला निघत होती. ती म्हणाली, कशी आहेस? आणि मी तिला खरं सांगितलं. सांगायला बराच वेळ लागला. तिला उशीर झाला.