मागून येणारी धडधड

रुग्णालयाची लिफ्ट बंद होती. साठीचे एक गृहस्थ जिना चढून आले आणि माझ्या शेजारी बसले. दम ओसरल्यावर त्यांनी तळहात छातीवर ठेवला. "आत्ता कुठे धडधडायला लागलंय," ते म्हणाले. "दुसऱ्याचं आहे ना. जिना मी चढतो, त्याला नंतर कळतं."

हृदय बदलताना रक्तवाहिन्या जोडतात, मज्जातंतू तुटलेलेच राहतात. सुरुवातीच्या काळात अशी माणसं थोडेच दिवस जगत. मग शरीराने परकं हृदय नाकारू नये म्हणून औषधं आली, आणि आता ही माणसं वर्षानुवर्षं जगतात. पण श्रमाची किंवा धक्क्याची वर्दी या हृदयाला रक्तातूनच, उशिरा पोचते. तोवर माणूस एकटाच असतो.

"बायको गेल्याचा फोन आला, तेव्हाही असंच," ते म्हणाले. "चपला घातल्या, कुलूप लावलं, तरी हे आपलं संथ. मला काहीच कसं होत नाही, म्हणून घाबरलो. रिक्षात बसल्यावर सुरू झालं. ती असताना जिन्यात मध्येच उभी राहायची. म्हणायची, अहो थांबा, त्याला येऊ द्या."

आतून त्यांचं नाव पुकारलं. "काका, सोबत कोण आहे?" सिस्टरने विचारलं.

"कुणी नाही."

ते उठले, पण लगेच निघाले नाहीत. खुर्चीची पाठ धरून उभे राहिले.

"थांबा," ते स्वतःशीच म्हणाले, "त्याला येऊ द्या."