उतरवलेली तसबीर

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि तो झालो आमच्या गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका शिंदेबाईंमुळे.

जेद्दाच्या आमच्या ऑफिसात राजे आणि युवराज यांच्या तसबिरी लावायला फ्रेमच्या दुकानातून रत्नागिरीकडचे एक म्हातारे चाचा यायचे. युवराज बदलल्याची बातमी आली, त्याच दुपारी ते शिडी घेऊन हजर झाले. जुनी तसबीर उतरवून त्यांनी ती खांद्यावरच्या फडक्याने कोपऱ्या-कोपऱ्यातून पुसली.

"चाचा, ती आता गोदामात जाणार. पुसता कशाला?" मी हसून विचारलं.

"नव्याला पुसायला सगळे धावतात रे बाबा. उतरणाऱ्याला कोण हाय?"

मग नवी तसबीर सरळ करत म्हणाले, "माझा कफील, दुकानाचा मालक, तो वारला. आता सगळं त्याच्या पोराकडे. तीस वर्षं झाली मला इथे, पण तो माझा इकामा, राहायचा परवाना, वाढवील असं वाटत नाय."

महिन्याभराने वरच्या मजल्यावरच्या तसबिरीसाठी वेगळाच माणूस आला. चाचांना गावी पाठवून दिलं होतं. निरोप द्यायलाही कुणी गेलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

त्याच दिवशी मी पत्र लिहिलं :

"बाई, तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी सगळे नव्या मुख्याध्यापकांना हार घालत होते. त्या रांगेत मीही होतो. तुम्ही एकट्या फाटकाबाहेर गेलात, ते मी पाहिलं होतं. मला माफ करा."